ओळख बाईची, चावी मालकाची

उचगावात आमच्या बचत गटाची बैठक रात्री साडेआठला बसते. त्याआधी बायकांना सवडच नसते. कुणी गांधीनगरच्या कापड दुकानातून सुटते, कुणी शिरोलीच्या कारखान्यातून येते. घरी जाऊन भाकरी थापायच्या, पोरांना वाढायचं, मग बैठक. 2025 च्या ऑक्टोबरात हप्ते-व्याजाचं बोलणं मागं पडलं होतं. प्रत्येकीच्या हातात मोबाईल, नाहीतर मोबाईल असलेल्या पोराचं मनगट. 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी करायची होती.

एक बाई मात्र कोपऱ्यात गप्प बसून होती. विचारलं तर म्हणाली, "माझं झालंय की ओ ताई. माझा नंबर आला, मी घातला. आता मालकांचा मागतंय. ते म्हणत्यात, दीड हजारातलं हजार माझ्या हातावर ठेवणार असशील तर सांगतो."

आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात. प्रशिक्षणात हा शब्द निघाला की आम्ही कार्यकर्त्या बायकांना हटकतो, "मालक कशाचा? तुझा?" बायका हसतात, पदर तोंडाला लावतात आणि पुढच्या वाक्यात पुन्हा मालकच म्हणतात. त्या रात्री मला हटकायचं धाडस झालं नाही. सरकारी संकेतस्थळच तिला सांगत होतं की मालकाला विचारून ये.

नेमकं काय घडलं ते सांगते, कारण शहरातल्या काही मैत्रिणींना हे अजून खरं वाटत नाही. 28 जून 2024 च्या शासन निर्णयानं ही योजना आली. 21 ते 65 वयाच्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला दरमहा 1500 रुपये, थेट तिच्या आधार जोडलेल्या खात्यात. त्या वेळच्या अर्जात नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव होतं, त्याचा ओटीपी नव्हता. 18 सप्टेंबर 2025 ला ई-केवायसीचा आदेश निघाला. बाईनं स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या मोबाईलवरचा ओटीपी टाकायचा. इथं तिची ओळख पटली. पण काम संपलं नाही. पुढच्या पानावर पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. तो टाकल्याशिवाय पान पुढं सरकत नव्हतं. मुदत आधी 18 नोव्हेंबरपर्यंत होती, ती पुढं 31 डिसेंबरपर्यंत वाढवली.

मैत्रिणींनो, संगणकाच्या दुनियेत दोन प्रश्न वेगळे मानतात. पहिला, 'तू कोण?' दुसरा, 'तुला काय करायची मुभा आहे?' पहिल्याचं उत्तर म्हणजे ओळख. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे अधिकार, दार उघडायची चावी. आधारनं पहिला प्रश्न सोडवला असं गेली पंधरा वर्षं सांगितलं जातंय. देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारमधल्या टेंभलीत, रंजना सोनवणे या आदिवासी बाईला पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिला गेला. तिच्या बोटांवर आणि बुबुळांवर तिची ओळख उभी राहिली, कुणाची बायको म्हणून नव्हे. मला तेव्हा त्यात आशा दिसली होती, हे कबूल करते. बाईची ओळख तिच्या देहातून सिद्ध होते, सातबाऱ्यातून किंवा मंगळसूत्रातून नाही, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण दुसरा प्रश्न आला की गाडी जुन्याच वळणावर जाते. तू कोण ते कळलं, आता तुला आत सोडायचं का ते त्याला विचारून सांग.

आणि हे कुठल्या राज्यात? ज्या राज्यानं 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव सक्तीचं केलं, त्या राज्यात. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तर शिधापत्रिकेवर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख मानली आहे. रेशनच्या दुकानात जी प्रमुख, ती संकेतस्थळावर आश्रित कशी होते?

यावर एक उत्तर हमखास येतं. अपात्र लोक पैसे खातात, उत्पन्न तपासायला नको का? तपासा ना. 2025 च्या जुलैत सरकारनंच सांगितलं की सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र आढळल्यामुळं त्यांचा लाभ थांबवला आणि 14 हजारांहून जास्त पुरुषांनी बहीण बनून पैसे घेतल्याचा संशय आहे. माझा साधा सवाल आहे. हे कशावरून कळलं? सरकारच्याच वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून कळलं. एकाही नवऱ्याचा ओटीपी न मागता कळलं. मग जे काम दप्तरात बसून होतं, ते बायकोला नवऱ्यापुढं हात पसरायला लावून कशाला करायचं?

एक वकील मित्र म्हणाला, त्याचा आधार वापरायचा तर कायद्यानं त्याची संमती लागतेच. मुद्दा बरोबर आहे. मग ती संमती सरकारनं त्याच्याकडं मागावी. नोटीस त्याच्या नावानं काढावी, उत्तर त्याच्याकडून घ्यावं आणि त्यानं नकार दिला तर त्याची चौकशी करावी. त्यानं नकार द्यायचा आणि पैसे तिचे थांबायचे, हा कुठला न्याय?

विधवा आणि घटस्फोटित बायकांचं काय, ही ओरड झाल्यावर नोव्हेंबरात सुधारणा आली. त्यांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडं द्यावा. म्हणजे पुन्हा एक काम सेविकेच्या डोक्यावर, तिच्या मानधनाचं बोलायला कुणी तयार नाही, पण ते असो. आमच्या जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 च्या मे महिन्यात ग्रामसभेत ठराव करून बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद केलं. साऱ्या राज्यानं त्याचं कौतुक केलं. त्याच राज्याची यंत्रणा तयार करताना कुणाच्या मनातही आलं नाही की काही बायकांना नवरा नसतो!

आणि जिला दाखलाच नाही ती? नवरा जिवंत आहे, पण दुसरीबरोबर पुण्याला आहे. घटस्फोट झालेला नाही, पोटगीची केस लावायला पैसे नाहीत. वडील वारले असतील तर त्यांचा दाखला चालेल का, हे धड कुणी सांगत नाही. 1988 ला संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली तेव्हा ज्या बाईला कागदावर जागा नव्हती, तिला आज पडद्यावर जागा नाही. तिनं नवऱ्याला फोन लावायचा. ज्याच्या मारापासून पळून आली, त्यालाच आपला नंबर आणि ठावठिकाणा कळवायचा आणि म्हणायचं, एक ओटीपी द्या. धोरण लिहिणाऱ्यांनी एकदा अशा बाईशेजारी बसून तो फोन ऐकावा.

आता शिक्षणाकडं येते, कारण प्रत्येक चर्चेचा शेवट 'बायकांना डिजिटल साक्षर करा' इथंच होतो. साक्षर तर आम्ही करतोच आहोत. आमच्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ओटीपी कुणालाही सांगू नका, बँकेतून फोन आला तरी नाही, घरच्या माणसालाही नाही. त्याच तक्त्याखाली बसून आम्ही बायकांना सांगत होतो की नवऱ्याकडून ओटीपी आणा. तेव्हा एकजण मिस्किलपणे म्हणाली, "मग आमचं मालक बराबरच हाईत की! कुणाला सांगायचा न्हाई म्हनूनच सांगत न्हाईत." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी येताना हायवेच्या पुलाखाली गाडी थांबवून विचार करत राहिले. आपण नेमकं काय शिकवतोय?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात स्वतः वापरायचा मोबाईल असलेल्या बायका निम्म्याच्या थोड्याच वर होत्या. बाकीच्यांच्या आधारला कुणाचा नंबर जोडलेला असतो? नवऱ्याचा, दिराचा, शाळेत जाणाऱ्या पोराचा, नाहीतर अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा. त्या बाईच्या बाबतीत पहिलं पानसुद्धा तिचं नाही. इथं खरंच शिकण्यासारखं आहे आणि ते आम्ही शिकवतो. आपल्या नावाचं सिमकार्ड घ्या. आधारला तोच नंबर जोडा. बोटांचे ठसे वापरायचे नसतील तेव्हा कुलूपबंद करा, म्हणजे अंगठ्याच्या यंत्रावर कुणी परस्पर पैसे काढणार नाही. आपला आधार कुठं कुठं तपासला गेला त्याची यादी बघता येते, ती महिन्यातून एकदा बघा. पैसे काढून देणाऱ्याकडून पावती मागून घ्या, नुसतं 'झालं मावशी' यावर उठू नका.

इथं आमचं आम्हालाही तपासलं पाहिजे. परवापर्यंत आमच्याच कार्यालयात एक वही होती. गटातल्या बायकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, काहींचे पिनसुद्धा त्यात लिहिलेले. हेतू चांगला, बाई विसरली तर अडू नये. पण मालकाच्या खिशातली चावी काढून ताईच्या कपाटात ठेवली, तर ती बाईच्या हातात कुठं आली? ती वही आम्ही सगळ्यांसमोर फाडून जाळली. त्यानंतर दोघी पिन विसरल्या आणि आमच्यावर रागावल्या. रागावू देत. आपल्या संघटनांच्या कार्यालयांत अशा वह्या किती आहेत, ते ज्याचं त्यानं बघावं.

पण बाई कितीही शिकली तरी दुसऱ्या पानावरची ती चौकट शिकून भरता येत नाही. तिथं अडचण तिच्या अज्ञानाची नाही, नियमाची आहे. म्हणून 'बायकांना कळत नाही' हे वाक्य पुन्हा कुठल्या बैठकीत कुणी अधिकाऱ्यानं उच्चारलं तर तिथंच थांबवा. मागणी सरळ ठेवा. बाईच्या हक्काच्या पैशाला बाईचीच ओळख पुरे. कुटुंबाचं उत्पन्न सरकारनं आपल्या दप्तरात तपासावं. जिथं दाखला नाही तिथं बाईचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि गावातल्या दोन बायकांची साक्ष ग्राह्य धरावी. आणि पुढच्या कुठल्याही योजनेचं पान बनवण्याआधी ते एका परित्यक्तेला, एका विधवेला आणि मोबाईल नसलेल्या एका मजूर बाईला भरायला द्यावं. त्या तिघी अडल्या तर पान परत पाठवावं.

कोपऱ्यातल्या त्या बाईनं पुढं काय केलं ते सांगते. तिनं हजार द्यायचं कबूल केलं नाही. गटातून दोनशे रुपये उसने घेतले, स्वतःच्या नावाचं सिम काढलं, आधारला नंबर बदलण्याचे 75 रुपये भरले, त्यासाठी दुकानातली अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तोवर तिच्या आधारला मोठ्या पोराचा नंबर होता. आता तिचा ओटीपी तिच्याच मोबाईलवर येतो, चष्मा लावून ती तो मोठ्यानं वाचते. दुसऱ्या पानावर ती अजून अडलेली आहे.