विश्लेषण : ‘डोरेमॉन’ची पहिली मालिका गेली कुठे?

नोबुयो ओयामा यांचं २०२४ मध्ये निधन झालं, तेव्हा ‘डोरेमॉनचा मूळ आवाज हरपला’ अशा आशयाच्या पोस्ट सोशल मीडियावर फिरल्या. १९७९ ते २००५ अशी तब्बल २६ वर्षं ओयामा यांनी या निळ्या रोबो-मांजराला आवाज दिला. त्यामुळे असं वाटणं साहजिकच. पण त्या पहिल्या नव्हत्या, दुसऱ्याही नव्हत्या. त्यांच्याआधी दोघांनी हे काम केलं होतं, तेही एका वेगळ्याच मालिकेत. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून हंगामा टीव्ही लावणाऱ्या आपल्याकडच्या पिढीला ही मालिका कधी दिसली नाही. आज ती जपानी प्रेक्षकालाही पाहायला मिळत नाही.

कशी होती ही मालिका?

निप्पॉन टीव्हीवर १ एप्रिल १९७३ रोजी ती सुरू झाली आणि ३० सप्टेंबरला संपली. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता अर्धा तास, त्यात दोन गोष्टी. २६ आठवडे, ५२ गोष्टी.

सुरुवातीला डोरेमॉनचा आवाज होता कोसेई तोमिता यांचा, म्हणजे चक्क एका पुरुषाचा. मालिका अर्ध्यावर आल्यावर ते काम मासाको नोझावा यांच्याकडे गेलं. होय, पुढे ‘ड्रॅगन बॉल’मधल्या गोकूचा आवाज झालेल्या त्याच नोझावा. आणखी एक गंमत म्हणजे कानेता किमोत्सुकी यांनी इथे जियानचा आवाज दिला होता. १९७९ च्या मालिकेत तेच सुनियो झाले. दादागिरी करणाऱ्याकडून थेट त्याच्या चमच्याकडे!

यात गाचाको नावाची एक रोबो-बदकही होती. मूळ मांगामध्ये ती सुरुवातीच्या मोजक्या गोष्टींत आली आणि मग लेखक फुजिको एफ. फुजिओ यांनी तिला कायमचं वगळलं.

मग ती चालली का नाही?

एक कारण सरळ आहे. त्याच वेळी फुजी टीव्हीवर ‘माझिंगर झेड’ लागायचं. अजस्र यंत्रमानवाच्या हाणामारीपुढे खिशातून वस्तू काढणारं मांजर फिकं पडणारच.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. १९७३ मध्ये ‘डोरेमॉन’ आजच्यासारखा लोकप्रिय नव्हताच. मांगा १९६९ च्या अखेरीस सुरू झाला, तो शोगाकुकान या प्रकाशन संस्थेच्या इयत्तावार मासिकांतून. पहिलीच्या मुलांना एक गोष्ट, चौथीच्या मुलांना दुसरी. सगळ्यांनी मिळून वाचावं असं पुस्तक नव्हतं. पहिला संग्रह आला १९७४ मध्ये, म्हणजे मालिका बंद पडल्यावर. त्याच वर्षी मार्चच्या अंकात डोरेमॉन भविष्यकाळात परत जातो अशी निरोपाची गोष्ट छापून आली होती; पुढच्याच अंकात फुजिकोंनी त्याला परत आणलं. पुस्तकांनी वाचक जमवले आणि त्या जमलेल्या वाचकांच्या जोरावर १९७९ ची मालिका उभी राहिली. त्यामुळे ‘पहिली मालिका वाईट होती म्हणून पडली’ हा निकाल घाईचा वाटतो.

ती हरवली कशी?

मालिका संपता संपता ती बनवणारा स्टुडिओच बंद झाला. फिल्मची रिळं सांभाळायची जबाबदारी ज्याच्यावर असती, तोच उरला नाही. प्रेक्षकांनी घरी रेकॉर्ड करावं, तर जपानमध्ये बीटामॅक्स आलं १९७५ मध्ये आणि व्हीएचएस १९७६ मध्ये.

तरी काही वर्षं स्थानिक वाहिन्यांवर जुने भाग लागत होते. टीव्ही असाहीची नवी मालिका आल्यावर तेही थांबलं. फुजिको यांना पहिली मालिका रुचली नव्हती, असं सांगितलं जातं. ते खरं असो वा नसो, नव्या डोरेमॉनभोवती सिनेमे, खेळणी असा मोठा पसारा उभा राहत होता. वेगळ्या आवाजाचा, वेगळ्या चेहऱ्याचा जुना भाऊ त्यात कुणालाच सोयीचा नव्हता. २००८ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयानं डोरेमॉनला ‘अ‍ॅनिमे राजदूत’ नेमलं. ज्या मालिकेतून तो पहिल्यांदा टीव्हीवर आला, ती मात्र कधीही व्हीएचएसवर आली नाही की डीव्हीडीवर.

आज काय शिल्लक आहे?

थोडी फिल्म, शीर्षकगीतं, काही चित्रं. निर्मितीची जबाबदारी सांभाळलेल्या जुन मासामी यांनी यातलं बरंच साहित्य स्वतःजवळ जपलं, म्हणून आज या मालिकेबद्दल बोलता तरी येतं. हे काम एखाद्या वाहिनीनं किंवा संग्रहालयानं करायचं होतं, केलं एका जुन्या कर्मचाऱ्यानं. तेव्हा ‘१९७३ चा डोरेमॉन, संपूर्ण भाग, एचडी’ असा व्हिडिओ फॉरवर्ड होऊन आला, तर आधी शंका घ्या.

उरलेली फिल्म सगळ्यांसाठी खुली का होत नाही? जपानी कायद्यात चित्रपटीय कलाकृतीला प्रदर्शनानंतर ७० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे इथे २०४३ च्या अखेरपर्यंत. पण त्यातली पात्रं आणि कथा फुजिकोंच्या. त्यांचं निधन १९९६ मध्ये झालं, त्यामुळे तो हक्क २०६६ पर्यंत चालेल. तोवर हक्कदारांनी एकत्र बसून परवानगी दिली तरच काही घडू शकतं. तोपर्यंत डब्यातल्या त्या रिळांचं वय ९० च्या पुढे गेलेलं असेल.