“तुझं पूर्ण नाव सांग!”

बालमित्रांनो,

१७ सप्टेंबर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आपण जालन्याची, मराठवाड्याची माणसं. लगेच सांगाल, “बाई, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन!” शाब्बास. पण याच तारखेला आणखी एक दिवस असतो, तो ठाऊक आहे? २०१९ सालापासून जागतिक आरोग्य संघटना १७ सप्टेंबरला ‘रुग्ण सुरक्षा दिन’ पाळते. दवाखान्यात गेलेल्या माणसाला उपचारातल्या चुकीमुळे इजा होऊ नये, याची आठवण करून देणारा हा दिवस.

तुम्ही म्हणाल, दवाखान्यात कसली आलीय चूक? तर ऐका.

आमच्या शाळेतला दुसरीतला एक मुलगा. त्याला आपण गणू म्हणू. गेल्या पावसाळ्यात तापाने फणफणला, म्हणून त्याला दवाखान्यात ठेवलं होतं. संध्याकाळी मी त्याला भेटायला गेले. तेवढ्यात पाळी बदलली आणि नव्या सिस्टर इंजेक्शनचा ट्रे घेऊन आल्या.

“बाळा, तुझं पूर्ण नाव सांग बरं.”

गणू वैतागला. “सकाळपासून तीनदा सांगितलं की!” त्याची आईही म्हणाली, “अहो ताई, किती वेळा विचारता लेकराला?”

सिस्टर हसल्या. “चौथ्यांदा सांग, राजा.”

गणूने पूर्ण नाव सांगितलं. सिस्टरनी हातातला कागद पाहिला आणि त्या थबकल्याच! शेजारच्या खाटेवरही गणेशच होता. आडनावही तेच. खेड्यापाड्यात एकाच भावकीत असं होतंच की. वेगळं होतं फक्त वडिलांचं नाव. दुपारी खिडकीतून पावसाचं पाणी आत येत होतं, म्हणून दोघांच्या खाटा बदलल्या होत्या. ते नव्या सिस्टरना सांगायचं राहून गेलं होतं. आणि ट्रेमधलं औषध शेजारच्या गणेशचं होतं. आमच्या गणूला पूर्वी एकदा त्याच औषधाने तोंडाला सूज येऊन श्वास लागला होता!

गणूच्या आईने सिस्टरचे हातच धरले. माझ्याही अंगावर काटा आला.

आता एक गंमत बघा. सिस्टरनी “तू गणेश ना?” असं विचारलं असतं तर? गणू “हो” म्हणाला असता, आणि ते खोटंही नव्हतं! वर्गात मी “समजलं का?” विचारते, तेव्हा तुम्ही सगळे एका सुरात “हो बाई” म्हणता. पण “काय समजलं ते सांग” म्हटलं की खरं काय ते कळतं. तसंच हे. म्हणून जाणत्या परिचारिका पेशंटकडूनच नाव वदवून घेतात. मग आणखी चार गोष्टी ताडून पाहतात : औषध तेच आहे ना, मात्रा बरोबर आहे ना, वेळ झाली आहे ना, आणि ते तोंडातून द्यायचं आहे की सुईने.

पण काही गोष्टी कुठल्याच कागदावर लिहिलेल्या नसतात. तिथे स्वतःच्या बुद्धीने ठरवावं लागतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी घुसले. गरोदर महिलांच्या वॉर्डात अंजली कुलथे ही परिचारिका रात्रपाळीला होती. तिने दारं बंद केली आणि वॉर्डातल्या २० गरोदर महिलांना टोकाच्या एका लहानशा खोलीत हलवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. तिचा रक्तदाब वाढलेला. थांबावं तर आई आणि बाळ दोघांना धोका, बाहेर पडावं तर गोळ्या! अंजलीताईंनी क्षणात निर्णय घेतला. भिंतीला चिकटून, जिन्याने त्या तिला बाळंतपणाच्या खोलीत घेऊन गेल्या. बाळ सुखरूप जन्मलं. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये अंजलीताईंनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे त्या रात्रीची हकिकत सांगितली.

अशी रात्र रोज येत नाही. पण नाव विचारायची वेळ मात्र रोजच येते. दोन्हीकडे काळजी एकच : माझ्या हाती असलेला जीव सुखरूप राहिला पाहिजे.

मग तुम्ही काय कराल? सिस्टरनी नाव विचारलं की न कंटाळता पूर्ण नाव सांगा. कुठलं औषध सोसत नसेल तर आई-बाबांना ते आधीच सांगायला लावा. रोजची पांढरी गोळी आज पिवळी दिसली, तर खुशाल विचारा, “ताई, ही माझीच ना?” विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे बरं का!

येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की एवढं करा. आपल्या गावच्या नर्सताईंना भेटा आणि म्हणा, “ताई, माझं पूर्ण नाव सांगू?” बघा, कशा हसतात त्या!

तुमच्या,
बाई