सामन्याच्या आदल्या दिवशीं

नोव्हेंबर जवळ आला कीं अमेरिकेंतील हायस्कुलांस फुटबॉलच्या बादफेरीचे वेध लागतात. (हा फुटबॉल आपला नव्हे, यांत चेंडू हातीं घेऊनच धांवावयाचें.) मग क्रीडाशिक्षकास जो तो एकच प्रश्न विचारतो: सामने किती जिंकलेत? आम्हांस हा प्रश्न अपुरा वाटतो.

कॅलिफोर्नियांतील काँकर्ड गांवचें डी ला साल हायस्कूल घ्या. बॉब लॅडूसर यांनीं १९७९ सालीं तेथील संघ हातीं घेतला, आणि १९९२ ते २००४ या काळांत त्या संघानें ओळीनें १५१ सामने जिंकले. जगानें हा आंकडा तेवढा लक्षांत ठेविला. आम्हांस मोलाची वाटते ती तेथील एक लहानशी चाल. सामन्याच्या आदल्या दिवशीं प्रत्येक मुलगा उद्यां आपण काय करणार तें कार्डावर लिही, आणि सर्वांदेखत वाचून एका सोबत्याच्या हातीं देई. जाब द्यावयाचा तो शिक्षकास नव्हे, सोबत्यास! बादफेरी जवळ आली म्हणजे पुष्कळ शिक्षकांचा आवाज चढतो, मुलांच्या दुखऱ्या गुडघ्यांकडे काणाडोळा होतो. सोबत्यास शब्द देऊन बसलेल्या मुलावर ओरडावें तरी कशास?

२००४ च्या सप्टेंबरांत बेलव्ह्यूच्या संघानें ती विजयमालिका खंडित केली. शाळेनें शिक्षक बदलला नाहीं; लॅडूसर २०१२ च्या हंगामापर्यंत तेथेंच मुख्य मार्गदर्शक होते.