*सेव्ह झालं म्हणजे पोचलं नव्हे*



आज फवारणीचा सल्ला नाही. आज नोंदीबद्दल थोडं स्पष्ट बोलायचं आहे. पाच मिनिटं काढून वाचा, घरात जो फोन हाताळतो त्यालाही वाचून दाखवा.

ॲपमध्ये माहिती भरली, फोटो काढला, 'सेव्ह' दाबलं की आपण म्हणतो, झालं काम. पण ती नोंद तेव्हा फक्त आपल्या फोनमध्ये असते. पत्र लिहून खिशात ठेवलं, पेटीत टाकलं नाही, तसं. रेंज आली, 'अपलोड' दाबलं, समोरच्या कॉम्प्युटरने नोंद घेतली, तेव्हाच ती पोचली. फोन आणि कॉम्प्युटर यांची नोंद अशी जुळवण्याला 'सिंक' म्हणतात.

ई-पीक पाहणीचंच घ्या. पूर्वी पीकपेरा तलाठी लिहायचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आपला पीकपेरा आपणच मोबाईलवरून नोंदवतो. रानात रेंज नसली तरी फोटो आणि माहिती फोनमध्ये साठवता येते, ही सोय चांगलीच आहे. पण घोटाळाही इथेच होतो. माणूस घरी येतो, जनावरांचं बघतो, अपलोड राहून जातं. मुदत संपते आणि ७/१२ वर पीक दिसतच नाही. मग हमीभावाने सोयाबीन किंवा तूर विकायला नोंदणी करताना अडचण येते. विमा एका पिकाचा आणि पाहणी दुसऱ्या पिकाची निघाली तर दावा अडकतो. पीक रानात उभं असतं, पण कागदावर नसतं.

यावर काही जण म्हणतात, "शेतकऱ्याने लक्ष द्यायला हवं." हे अर्धंच खरं आहे. शेवटच्या दिवसांत सगळे एकदम ॲप उघडतात, ते अडकतं, आणि रानात रेंज नसणं हा काही शेतकऱ्याचा गुन्हा नाही. ॲप कोणाचंही असो, 'नोंद फक्त फोनमध्ये आहे' आणि 'नोंद पोचली' हे दोन वेगळे शेरे मोठ्या मराठी अक्षरांत दिसायलाच हवेत, असं आमचं ठाम मत आहे.

हाच नियम कंपनीलाही लागू व्हावा. संकलन केंद्रावर आपला कार्यकर्ता तुमचं वजन मोबाईलमध्ये टाकतो आणि बुधवार पेठेतल्या कार्यालयात कॉम्प्युटरवर हिशेब होतो. एकच नोंद दोन जागी. समजा केंद्रावर ४१२ किलो टाकले, ते पोचायच्या आधीच कार्यालयात कोणी जुन्या आकड्यात दुरुस्ती केली. अशा वेळी बरीच ॲप शेवटी बदललेला आकडा धरतात आणि आधीचा पुसून टाकतात. यात कोणाची लबाडी नसते, पण पैसे मात्र शेतकऱ्याचे कमी होतात.

म्हणून आमचं म्हणणं असं: वजनाचा आकडा केंद्रावरच बदलावा, कार्यालयात नाही. दुरुस्ती झाली तर जुना आकडाही राहावा आणि सभासदाला मेसेज जावा. आणि दोन्हीकडची नोंद जुळल्याचं सभासदाला स्वतःच्या फोनवर दिसत नाही, तोवर *कागदी पावती बंद करू नये.* वाद झाला तर पावती खरी धरावी. "आता सगळं मोबाईलवर आहे, पावती कशाला?" असं कोणी म्हणालं तरी पावती मागून घ्या. तो अविश्वास नव्हे, तो हिशेब आहे.

*आपल्या हातात काय आहे?*

✅ रानातून रेंजमध्ये आलात की त्याच दिवशी अपलोड करा. शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

✅ ई-पीक पाहणीत गावातील खातेदारांच्या यादीत आपलं नाव आलं का ते बघा. नंतर ७/१२ वर पीक चढलं का तेही तपासा.

✅ चुकीचं पीक नोंदवलं गेलं तर ४८ तासांत एकदा दुरुस्तीची सोय दिलेली आहे. म्हणून तपासणी लगेच करा, आठवड्याने नको.

✅ फोन बिघडला आणि दुरुस्तीला पुण्यात, अगदी बुधवार पेठेत तपकीर गल्लीकडे नेणार असाल, तर फोन चालू होत असेल तोवर आधी अपलोड करा. दुकानदाराने फोन फॉरमॅट केला की न पोचलेली नोंद गेली. ॲप काढून पुन्हा टाकतानाही हीच काळजी घ्या.

✅ पावतीचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या फोनवर पाठवून ठेवा.

मोबाईलने तलाठी कार्यालयाच्या चकरा कमी केल्या, हे मान्यच. पण काट्यावर माल घातला की काटा स्थिर होईपर्यंत आपण नजर हलवत नाही. नोंदीचंही तसंच आहे. पोचल्याचं दिसेपर्यंत नजर हलवू नका.

पावतीबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर याच नंबरवर लिहून किंवा बोलून पाठवा. आलेली मतं पुढच्या बैठकीत मांडू.

🙏 आपली शेतकरी उत्पादक कंपनी
शहर कार्यालय, बुधवार पेठ, पुणे