जर्मनीत जात विचारणारा जर्मन नसतो

1917 साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी म्हणून पारशी धर्मशाळेत राहावे लागले आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. पदवी होती, नोकरी होती. छप्पर मात्र जातीच्या ताब्यात होते.

आज आपली मुले-मुली गॉटिंगन, मारबुर्गसारख्या छोट्या जर्मन शहरांत शिकायला जातात. अशा विद्यापीठाच्या गावात ऑक्टोबरमध्ये सत्र सुरू होताना खोल्यांची मारामार असते. तिथे घर म्हणजे नुसता निवारा नव्हे. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची सरकारी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. नोंदणी नसेल तर पुढची कामे अडतात. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. कायद्याने ती तीन हप्त्यांत देता येते, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही.

मग आधार कुणाचा? भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा. आणि तिथेच 'फक्त शुद्ध शाकाहारी' अशी अट येते, आडनाव विचारले जाते, आडनावावरून कळले नाही तर गाव विचारले जाते. काय खातो हा प्रश्न स्वयंपाकघराचा वाटतो, पण उत्तर जातीचे हवे असते.

काही जण म्हणतील, तिथे वर्णभेदच मोठा आहे, जातीचे काय घेऊन बसलात? वर्णभेद आहेच. पण त्याविरुद्ध जर्मनीत 2006 पासून समान वागणुकीचा कायदा आहे आणि तो घरभाड्यालाही लागू होतो. त्या कायद्यात वंश आहे, धर्म आहे. जात हा शब्द नाही. शिवाय एकाच घरात राहणाऱ्यांच्या व्यवहाराला त्यातून सूट मिळू शकते. म्हणजे जिथे आपल्याला जात विचारली जाते, नेमक्या त्या सामायिक घराच्या दारात हा कायदा लंगडा पडतो. अमेरिकेत सिॲटल शहराने 2023 मध्ये जातीभेदावर कायद्याने बंदी घातली, ती आंबेडकरी लोक संघटितपणे बोलले म्हणून. जर्मनीतही ही मागणी आपल्यालाच करावी लागेल.

पण कायदा होईपर्यंत खोली रिकामी राहत नाही. म्हणून तिथे असलेल्यांना सांगणे आहे: खोली सोडताना ती ग्रुपवर फेकू नका, मागून येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याच्या हाती द्या. नव्याला पहिले काही आठवडे घरात घ्या, कागदपत्रे समजावून सांगा. विद्यार्थी वसतिगृहाचा अर्ज प्रवेश मिळताच भरायला लावा. आणि शिष्यवृत्तीसाठी लढणाऱ्या संघटनांनी पहिल्या महिन्याची अनामत हा मुद्दा निवेदनात घालावा.

शिष्यवृत्ती विमानतळापर्यंत पोहोचवते. विमानतळापासून घरापर्यंतचा रस्ता चळवळीने बांधायचा आहे.

जय भीम!