यादीतील नाव आणि कपाटातील कागद

तामिळनाडूच्या थूथुकुडी जिल्ह्यात, समुद्रकिनाऱ्यावर, कायलपट्टिणम नावाचे जुने बंदर आहे. वस्ती मुख्यत्वे मुस्लिम आणि बरीचशी घराणी पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात मुरलेली. जानेवारी २०२० मध्ये तेथील एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत अकस्मात गर्दी लोटली. बँक बुडाल्याची वार्ता नव्हती, व्याजदरही उतरले नव्हते. बँकेने वृत्तपत्रात केवायसीसंबंधी एक जाहिरात दिली होती आणि ग्राह्य कागदपत्रांच्या यादीत राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचे, म्हणजे एनपीआरचे, पत्र हीही एक नोंद होती. तेवढ्या एका ओळीने लोकांनी ठेवी काढून घ्यावयास प्रारंभ केला.

ते पत्र अनिवार्य नव्हते. पासपोर्ट, मतदार ओळखपत्र यांसारखा कोणताही एक कागद पुरेसा होता, आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत ती नोंद नव्या कायद्याच्या आधीपासूनच होती. बँकेच्या अधिकाऱ्यांनी हे परोपरीने समजावून सांगितले. केवायसीसाठी धर्म सांगण्याची आवश्यकता नाही, असे स्पष्टीकरण केंद्रीय अर्थखात्याच्या सचिवांनी २१ डिसेंबर २०१९ रोजीच दिले होते. एरवी ठेव काढणारा ग्राहक कारण क्वचितच सांगतो. स्लिप भरतो, पैसे मोजून घेतो आणि निघून जातो. येथे कारण साऱ्या गावाला ठाऊक होते.

नागरिकत्व सुधारणा कायद्याला १२ डिसेंबर २०१९ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती व्यक्तींना त्याने नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला आणि त्यांच्यासाठी भारतातील वास्तव्याची अट अकरा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. यादीत सहा समाज आहेत. परंतु लोकांची दृष्टी खिळली ती यादीत नसलेल्या सातव्या नावावर. या कायद्याने कोणाही भारतीय मुस्लिमाचे नागरिकत्व जात नाही, हे शासनाचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. मग कायलपट्टिणमची रांग निव्वळ अफवेची होती काय? तसे म्हणता येत नाही. संपूर्ण देशात नागरिक नोंदणी होईल, असे गृहमंत्र्यांनी २० नोव्हेंबर २०१९ रोजी राज्यसभेत सांगितले होते. त्यावर काही चर्चाच झालेली नाही, असे पंतप्रधानांनी २२ डिसेंबरला रामलीला मैदानावर सांगितले. या दोन विधानांमधील महिन्याभरात सामान्य माणसाने स्वतःचा हिशेब मांडला: उद्या कागद मागितले आणि ते अपुरे पडले, तर यादीतील समाजांना एक दार उघडे असेल, उरलेल्यांना नसेल. हा हिशेब चुकीचा असेलही, पण वेळेवर खोडून काढण्याची जबाबदारी ज्यांची होती, त्यांनी ती उशिरा आणि अर्धवट पार पाडली.

आसामातील उद्रेक मात्र निराळ्या जातीचा होता, आणि महाराष्ट्रातील चर्चेत तो बहुधा दिल्लीच्याच मापाने मोजला गेला. गुवाहाटीत संचारबंदी लागली, गोळीबारात माणसे दगावली, जपानच्या पंतप्रधानांची ठरलेली भेट पुढे ढकलावी लागली. तेथील आंदोलकांचा आक्षेप मुस्लिमांना वगळल्याबद्दल नव्हता; बाहेरून आलेल्या कोणालाही, मग तो हिंदू का असेना, का सामावून घेता, असा होता. १९८५ च्या आसाम कराराने २५ मार्च १९७१ ही सीमारेषा ठरविली होती आणि ती धर्म विचारीत नव्हती. या तारखेच्या आधारेच आसामची नागरिक नोंदवही तयार झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी ती प्रसिद्ध झाली तेव्हा १९,०६,६५७ अर्जदार तिच्याबाहेर राहिले. गुवाहाटी, दिब्रुगड, तिनसुकिया येथे पिढ्यान्‌पिढ्या पेढ्या चालविणाऱ्या मारवाडी आणि जैन कुटुंबांनाही १९७१ पूर्वीचा पुरावा शोधण्याच्या या दिव्यातून जावे लागले. आजोबांच्या नावाचे स्पेलिंग मतदारयादीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. जुनी कपाटे ज्यांनी उपसली, त्यांना हा अनुभव समजावून सांगावा लागत नाही.

दिल्लीत शाहीन बागेच्या स्त्रिया डिसेंबरच्या मध्यापासून २४ मार्च २०२० पर्यंत रस्त्यावर बसून राहिल्या. आजवर सार्वजनिक सभेची पायरीही न चढलेल्या आज्या त्यांत होत्या. त्यांच्या निग्रहाबद्दल आदर वाटावा, तसाच त्या रस्त्यावर तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिलेल्या दुकानांचाही विचार व्हावा. सार्वजनिक रस्ता असा बेमुदत अडविता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले. फेब्रुवारीच्या अखेरीस ईशान्य दिल्लीत दंगल उसळली आणि ५३ माणसे प्राणास मुकली. गोकुळपुरीचा टायर बाजार जळाला. ज्याचा माल जळतो, त्याची अनेक वर्षांची पत त्याबरोबर जळते, हे व्यापारी वाचकांस वेगळे सांगावयास नको.

त्याच शहरात, यमुनेकाठच्या मजनू का टिला येथील वस्तीत, सिंधहून आलेल्या हिंदू निर्वासितांनी आनंद साजरा केला आणि नुकत्याच जन्मलेल्या एका मुलीचे नाव ‘नागरिकता’ ठेवले. या आनंदाला सांप्रदायिक ठरविणाऱ्यांनी त्या वस्तीत एक रात्र काढून पाहावी. मुंबईत २७ डिसेंबर रोजी ऑगस्ट क्रांती मैदानावर समर्थनाची आणि आझाद मैदानावर विरोधाची सभा झाली. शिस्तीत जमले, बोलले, घरी गेले. मुंबईच्या पोलिसांना आणि नागरिकांनाही याचे श्रेय आहे.

जैन समाजात या कायद्याचे स्वागत सामान्यतः मूकपणे झाले. नाव यादीत आहे, म्हणून समाधान; त्यापलीकडे चौकशी फारशी नाही. संयुक्त संसदीय समितीचा जानेवारी २०१९ चा अहवाल मात्र पाहण्याजोगा आहे. धार्मिक छळाच्या कारणास्तव दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळालेल्या आणि नागरिकत्व इच्छिणाऱ्या व्यक्तींची संख्या त्यात ३१,३१३ दिली आहे: हिंदू २५,४४७, शीख ५,८०७, ख्रिस्ती ५५, बौद्ध २, पारशी २. बेरीज जुळते. जैन त्यात एकही नाही.

याचे कारण इतिहासात आहे. त्या बाजूचे जैन बहुतांशी फाळणीच्या वेळीच निघून आले. गुजरांवाला येथे आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराजांचे समाधिस्थळ आहे. आचार्य विजयवल्लभसूरी १९४७ च्या चातुर्मासात त्याच नगरात होते आणि तेथील संघासह ते अमृतसरला आले. मुंबईच्या महावीर जैन विद्यालयामागील प्रेरणा त्यांचीच. असे जे लोक १९ जुलै १९४८ पूर्वी आले, त्यांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिक मानले. स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजीआजोबांपैकी एकाचा जन्म अखंड भारतातील असावा आणि आल्यापासून वास्तव्य येथेच असावे, एवढीच अट होती. धर्माचा उल्लेख त्या अनुच्छेदात नाही. आज नाव यादीत पाहून समाधान मानणाऱ्या कित्येक पंजाबी जैन कुटुंबांचे नागरिकत्व त्या अनुच्छेदावर उभे आहे.

नव्या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले आणि १५ मे रोजी दिल्लीत पहिली चौदा प्रमाणपत्रे दिली गेली. कायद्याच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या दोनशेहून अधिक याचिका सर्वोच्च न्यायालयात दाखल झाल्या. नियमांनुसार प्रवेशाचा काळ सिद्ध करण्यास बँकेचे किंवा टपाल खात्याचे खाते, विमा पॉलिसी, भाडेकरार, पॅन कार्ड, नगरपालिकेचा व्यापार परवाना असे कागद चालतात. मात्र अर्जदार अमुक धर्माचा आहे आणि अजूनही त्याच धर्मात आहे, याबद्दल स्थानिक प्रतिष्ठित सामाजिक संस्थेचे पत्र लागते. म्हणजे उद्या एखादा अर्जदार जैन म्हणून आला, तर त्याच्या जैनत्वाचा दाखला गावच्या संघाने वा ट्रस्टने द्यावयाचा आहे. कोणत्या पंथाचे मंदिर किंवा स्थानक हा दाखला देण्यास योग्य, यावर एखाद्या गावात वाद होणे अशक्य नाही. कित्येक संघांची सभासद नोंदवही अलीकडची, काहींची तर केवळ वर्गणीची पावतीपुस्तके. तेव्हा विश्वस्तांनी असे पत्र कोणत्या नोंदीच्या आधारावर द्यावयाचे आणि त्यावर कोणी सही करावयाची, हे येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्यास हरकत नाही.