मजूर लावला की जबाबदारी आली



मालक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कारखाना येतो, गिरणी येते. चार एकर कोरडवाहू ज्वारी करणारा, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असलेला माणूस स्वतःला मालक म्हणवून घेत नाही. कायदा मात्र म्हणतो. मजुरी देऊन दुसऱ्याला विहिरीत उतरवले, फवारणीचा पंप त्याच्या पाठीवर दिला, की त्या कामापुरते आपण मालक झालो.

हे बोलण्याची वेळ आपल्या दोन तालुक्यांनीच आणली आहे. मार्च २०२३ मध्ये बारामती तालुक्यातील खांडज येथे जनावरांच्या शेणमुताच्या टाकीत चार जण गुदमरून मेले. एक बेशुद्ध पडला, त्याला काढायला दुसरे पाठोपाठ उतरले. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडीला विहिरीचे रिंगकाम चालू असताना भाग ढासळला आणि बेलवाडीचे चार मजूर गाडले गेले. मृतदेह हाती लागायला दिवस गेले. कापूसवाल्यांना यवतमाळ सांगायला नको. २०१७ च्या हंगामात तेथे फवारणीच्या विषबाधेने वीसवर शेतकरी-शेतमजूर दगावले.

कायदा काय सांगतो ते नीट समजून घेऊ. कामावर अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हे १९२३ च्या कायद्यापासून चालत आले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. विहीर खणणे, खोल करणे आणि शेतात औषध फवारणे ही कामे जुन्या यादीत नावानिशी होती, नव्या यादीतही आहेत. माणूस मेला तर चूक त्याचीच होती, हा बचाव चालत नाही. तो रोजंदारीचा होता, ही पळवाट २००० सालच्या दुरुस्तीने बंद झाली. काम कंत्राटदाराला उक्ते दिले म्हणून निश्चिंत राहू नये. ते आपल्या धंद्याचा भाग असेल तर भरपाई आपल्याकडेही मागता येते.

रक्कम किती? जुन्या कायद्याच्या कोष्टकाने चाळीस वर्षांच्या, महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्या माणसामागे सुमारे १३ लाख ८१ हजार रुपये होतात. कोरडवाहू शेतकऱ्याने ते कोठून आणायचे? जमीन विकूनच. म्हणजे एका अपघातात दोन घरे बसतात, आधी मजुराचे आणि मग शेतकऱ्याचे.

गोपीनाथ मुंडे योजनेतून शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात. त्यात खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातील एक माणूस बसतो. त्याच विहिरीत शेजारी उभा असलेला भूमिहीन मजूर बसत नाही. पाऊस दोघांच्या नशिबी सारखाच, मग विम्यात हा भेद कशाला?

आता कामाचे. विहिरीच्या काठावर कोणी निरीक्षक येत नाही, म्हणून नियम आपणच पाळायचे. पावसाने भिजलेल्या मुरमाच्या कड्याखाली माणूस उतरवू नये. उपसलेला मुरूम, क्रेन, पोकलेन काठापासून लांब ठेवावे, त्यांच्या वजनानेच कडा सुटतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवू नये, त्याच्या धुरातील विषारी वायूला वास नसतो. शेणाच्या टाकीतील वायूला आधी कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो वाढला की नाक बधिर होते. म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असे समजू नये. तेथे दिवा धरून पाहू नये, मिथेन पेट घेतो. अशा टाकीत माणूस उतरवूच नये, पंपाने उपसा करावा. आत कोणी पडला तर मागोमाग उडी टाकू नये, आधी माणसे आणि अग्निशमन दल बोलवावे. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे, एवढे तरी हवेच.

कोणी म्हणेल, भावच मिळत नाही, हातमोजे आणि विमा कोठून करायचा? प्रश्न खरा आहे. पण तो मजुराच्या जिवावर सोडवायचा नाही. मजुराची सुरक्षितता हा उत्पादन खर्च आहे. तो आपण करायचा आणि भाव ठरवताना मोजून मागायचा. जो खर्च आपण करतच नाही तो सरकारपुढे कोणत्या तोंडाने मांडणार?

जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन ठराव ठेवत आहोत. एक, प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. आपल्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाचा हा हप्ता मजुरीखेरीज आपण भरायचा. याने आपली कायदेशीर जबाबदारी फिटत नाही, सुरुवात मात्र होते. दोन, गावागावात दोर, पट्टा, हातमोजे आणि तोंडपट्ट्यांचा एक सामाईक संच ठेवायचा. तीन, शेतमजुराला शेतकऱ्याइतकेच अपघाती अनुदान मिळावे, अशी मागणी संघटनेच्या नावाने सरकारकडे करायची.

नीरेच्या कालव्याचे पाणी ज्यांच्या शिवाराला लागत नाही त्यांना विहीर खोल न्यावीच लागणार. खाली उतरणारा माणूस संध्याकाळी वर आला पाहिजे, याची हमी काम सांगणाऱ्याने द्यायची आहे. बैठकीला येताना आपल्या गावात किती विहिरींचे काम चालू आहे, तेवढे लिहून आणा.